लग्नपत्रिका आणि छापील साहित्य : खर्च नेमका कुठे वाचतो?

कोरेपान :

नमस्कार. धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या पत्रिका आणि त्यासोबतचे सगळे छापील साहित्य माझ्याकडे सोपवले होते. ते काम नुकतेच पार पडले. सुरुवातीला आम्ही जे गृहीत धरून चाललो होतो त्यातले बरेचसे चुकीचे निघाले, म्हणून हा धागा काढत आहे. कागद हलका घेतला आणि सजावट कमी केली की पैसे वाचतात, एवढीच आमची समजूत होती. प्रत्यक्षात, छापखान्याची पायरी चढण्यापूर्वी घरी बसून आपण जे निर्णय घेतो, किंवा जे घ्यायचे राहून जातात, त्यांवरच बहुतेक खर्च ठरतो, हे मला दुसऱ्यांदा अंदाजपत्रक मागवले तेव्हा कळले.

पहिला निर्णय संख्येचा. आमच्या यादीत ३१० नावे होती आणि हाताशी थोड्या जास्त असाव्यात म्हणून ३५० पत्रिका छापायचे ठरत होते. एका संध्याकाळी मी ती यादी वहीत उतरवून घेतली आणि एका घरात राहणाऱ्यांची नावे कंसात बांधत गेले. शेवटी कंस मोजले तेव्हा ते १३४ भरले. म्हणजे नावे ३१० असली तरी पत्रिका जाणार होत्या १३४ दारांशी. विसरलेली नावे, बिघडलेली पाकिटे आणि घरात जपून ठेवायच्या प्रती धरून आम्ही १५५ छापल्या. त्यांतल्या नऊ उरल्या, आणि त्या उरल्या याचे मला मुळीच वाईट वाटत नाही, कारण नंतर वीस प्रती पुन्हा छापायला गेलो असतो तर यंत्राची सगळी जुळवाजुळव नव्याने झाली असती आणि तिचा खर्च त्या वीसच प्रतींवर पडला असता.

दुसरा निर्णय तुकड्यांचा. तारीख मोकळी ठेवा असे सांगणारे पहिले कार्ड, मुख्य पत्रिका, पत्ता आणि नकाशाचे वेगळे कार्ड, येणार की नाही हे कळवण्याचे उत्तरपत्र आणि त्याचे पाकीट, कार्यक्रमपत्रिका, टेबलांवरची नावे, आभारपत्र, अशी लांबलचक यादी आमच्यापुढे ठेवण्यात आली होती. प्रत्येक तुकड्यापुढे मी एकच प्रश्न लिहिला : हा कागद कुणाच्या हातात जाणार, आणि तो नसला तर त्या माणसाचे काही अडेल का? पहिल्या कार्डाचे काम फोनवरच्या संदेशाने झाले. नकाशा आणि उत्तरपत्र यांची जागा एका क्यूआर कोडने आणि दोन दूरध्वनी क्रमांकांनी घेतली. कार्यक्रमपत्रिका प्रत्येकाच्या हातात देण्याऐवजी प्रवेशापाशी एक मोठा फलक लावला. छापायला उरल्या त्या मुख्य पत्रिका, आभारपत्रे आणि टेबलांवरची नावे, आणि वाचलेल्या पैशांतून मुख्य पत्रिकेला आम्हाला हवा होता तो जाड, किंचित खरखरीत कागद घेता आला.

आकार, रंग आणि छपाईची पद्धत यांविषयी मात्र मी बरीचशी मुद्रकाच्या भरवशावर होते. या व्यवसायातली मंडळी इथे असतील तर त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

खिळेजुळारी :

धागा काढल्याबद्दल आभार. माझी उमेदीची वर्षे छापखान्यात गेली आहेत, आणि तुम्ही म्हणता त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. गिऱ्हाईक आमच्याकडे येते तेव्हा त्याने आकार आधीच ठरवून टाकलेला असतो, बहुधा कुठेतरी पाहिलेल्या नमुन्यावरून, आणि तिथेच पहिली गळती होते.

छापखाना पत्रिका एकेक छापत नाही. मोठ्या कागदावर जितक्या बसतील तितक्या मांडून छापायच्या आणि मग कापायच्या, अशी पद्धत असते. डिजिटल छपाईत सर्रास वापरला जाणारा एसआरए३ कागद ३२० × ४५० मिलिमीटरचा असतो. त्यावर ए६ आकाराच्या, म्हणजे १०५ × १४८ मिलिमीटरच्या, आठ पत्रिका बसतात. तुम्ही ५ × ७ इंचांचे कार्ड मागितले तर त्याच कागदावर एकाच दिशेने मांडून चारच बसतात. डोळ्यांना फरक तळहाताच्या कडेएवढा दिसतो, पण कागद आणि यंत्राच्या फेऱ्या दोन्ही दुप्पट होतात. चौरस पत्रिकेचेही तसेच आहे. कडेची जागा धरून १५० मिलिमीटर बाजूचा चौरस एका कागदावर चार वेळा येतो. तोच १४० मिलिमीटरचा केला की सहा वेळा. या एका सेंटिमीटरने पत्रिकेची शोभा कमी झाल्याचे मी आजवर कुणाकडून ऐकलेले नाही. म्हणून डिझाइन करण्याआधी मुद्रकाला विचारावे, ‘तुमच्या यंत्रावर कोणत्या आकाराचा कागद चालतो आणि माझ्या आकाराचे किती नग त्यात बसतील?’ कापताना रंग कडेपर्यंत जायचा असेल तर चारही बाजूंना ३ मिलिमीटर जास्त रंग सोडावा लागतो, तोही या हिशेबात धरावा.

आता पद्धत. ऑफसेटमध्ये, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या छपाईत, प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र प्लेट करावी लागते. चार रंगांच्या छपाईला चार प्लेटा, आणि रंग नीट जुळेपर्यंत वाया जाणारे कागद वेगळे. हा खर्च तुम्ही शंभर प्रती छापा किंवा दोन हजार, जवळपास तेवढाच असतो, म्हणून मोठ्या संख्येत ऑफसेट परवडते. डिजिटल छपाईत प्लेट नसते. शंभर-दोनशे प्रतींसाठी तीच बहुधा स्वस्त पडते. तुमच्या १५५ प्रती डिजिटलवरच व्हायला हव्या होत्या आणि तशाच झाल्या असाव्यात. रंगीत कागदावर एकाच गडद शाईने छापणे हा मात्र माझा आवडता मार्ग आहे. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये, म्हणजे जाळीतून शाई दाबून केलेल्या छपाईत, प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते. रंग एकच असेल तर जाळीही एकच, आणि शाई कागदावर अशी उठून बसते की बोटाला जाणवते. चार रंगांच्या फुलापानांपेक्षा अशी पत्रिका मला अधिक देखणी वाटते. हे माझे वैयक्तिक मत आहे, पण विचारपूर्वक बनलेले आहे.

सोनेरी फॉइलविषयी, म्हणजे दाबून चिकटवायच्या चकचकीत वर्खाविषयी, एवढेच सांगतो की त्यासाठी धातूचा ठसा, म्हणजे डाय, करावा लागतो आणि डायचा खर्च तिच्या क्षेत्रफळावर ठरतो. पत्रिकेभोवती बारीक सोनेरी चौकट काढली की चौकट बारीक असूनही डाय पूर्ण पत्रिकेएवढी करावी लागते. त्याऐवजी दोघांची नावे, किंवा दोन आद्याक्षरांचे छोटे चिन्ह, एवढ्यालाच फॉइल ठेवावे. ती डाय मागून घ्यावी आणि तीच पाकिटाच्या झडपेवर आणि आभारपत्रावर वापरावी.

काना_मात्रा :

मी मुद्रितशोधनाचे काम करते, त्यामुळे माझा मुद्दा वेगळा आहे, पण तो पैशांचाच आहे. सगळ्यांत महाग पत्रिका ती, जी दोनदा छापावी लागते.

आमच्याच घरातली गोष्ट सांगते. चुलतभावाच्या लग्नाची तारीख एका दिवसाने पुढे गेली. मजकुरात तारीख बदलली, वार बदलायचा राहिला. तो मजकूर घरातल्या सात जणांनी वाचला होता आणि त्यांत मीही होते. सातही जणांना कार्य कधी आहे हे पाठ होते, त्यामुळे आमचे डोळे कागदावर होते आणि वाचत मात्र आम्ही मनातलेच होतो. सगळ्या प्रती पुन्हा छापाव्या लागल्या. तेव्हापासून मी एक पद्धत पाळते : शेवटचे प्रूफ (तपासण्यासाठीची नमुना प्रत) अशा माणसाच्या हातात द्यावे ज्याला त्या लग्नाविषयी काहीही ठाऊक नाही, आणि त्याला विचारावे की कुणाचे लग्न आहे, कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे पोहोचायचे. त्याला उत्तर देता आले नाही, किंवा तो दिनदर्शिका उघडून ‘त्या तारखेला हा वार येत नाही’ म्हणाला, तर चूक छापखान्याबाहेरच सापडली.

मराठी मजकुराचा एक धोका वेगळा आहे. मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला असतो आणि काही ठिकाणी तो जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये उतरवला जातो. या उतरवण्यात रफार हमखास घसरतो. ‘आशीर्वाद’चे ‘आशीवार्द’ झालेले मी इतक्या वेळा पाहिले आहे की प्रूफ हातात आले की आधी रफार असलेले शब्द शोधते. मग ‘येणाऱ्या’, ‘तिसऱ्या’ अशा शब्दांतला ऱ्या, मग जोडाक्षरे, आणि मग नावे अक्षर अक्षर सुटे करून. ओळीखाली पट्टी धरून वाचावे, म्हणजे डोळा पुढे पळत नाही. तुमच्या संगणकावर मजकूर ठीक दिसतो म्हणून निश्चिंत राहू नये. छापखान्याच्या संगणकावर तो फाँट नसेल तर अक्षरे विस्कटतात. पीडीएफ करताना फाँट त्यातच अंतर्भूत करावा किंवा अक्षरांचे आकृतींत रूपांतर करावे. आणि प्रूफ पडद्यावर पाहून मंजूर न करता कागदावर, खऱ्या आकारात छापून मागावे. पडद्यावर मोठा करून पाहिलेला मजकूर ए६ कागदावर इतका बारीक होतो की चष्म्यानेही वाचवत नाही, आणि हे लक्षात येते तेव्हा उशीर झालेला असतो.

फाँटसाठी पैसे मोजायची आता गरज राहिलेली नाही, हेही सांगायला हवे. मुक्त परवान्याचे चांगले देवनागरी फाँट उपलब्ध आहेत. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा त्यांतलाच एक, आणि त्यात आपल्या वळणाचे ल आणि श आहेत. वाचणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण ओळखीचे वळण दिसले की मजकूर आपला वाटतो.

पोस्टपेटी :

टपालाने पाठवणाऱ्यांसाठी थोडे लिहितो. टपालखर्च वजनाच्या टप्प्यांवर असतो आणि पाकीट टप्प्याच्या एक ग्रॅम जरी पुढे गेले तरी पुढचा दर लागतो. वजन आधीच काढता येते. ए० कागद बरोबर एक चौरस मीटरचा धरलेला असतो आणि ए४ हा त्याचा सोळावा भाग, म्हणून ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) ए४ कागद ५ ग्रॅम भरतो. ए५ हा बत्तिसावा भाग आणि ए६ चौसष्टावा. त्यामुळे ३०० जीएसएमचे ए६ कार्ड साधारण ४.७ ग्रॅमचे आणि तेवढ्याच जाडीचे ए५ कार्ड ९.४ ग्रॅमचे होते. कागद निवडण्याआधी हा गुणाकार करावा, आणि मग एक नमुना पूर्ण भरून, पाकीट चिकटवून, तिकिटासह टपाल कार्यालयात तोलून घ्यावा.

पाकीट नेहमी ठरावीक आकाराचे घ्यावे. ए६ साठी सी६ (११४ × १६२ मिलिमीटर), ए५ साठी सी५ (१६२ × २२९ मिलिमीटर), आणि ए४ ची त्रिघडी असेल तर डीएल (११० × २२० मिलिमीटर). वेगळ्या आकाराची पाकिटे मुद्दाम करून घ्यावी लागतात आणि मग पाकीट पत्रिकेपेक्षा महाग पडते. काही देशांच्या टपाल खात्यांत चौरस पाकिटाला, किंवा आत फीत, गाठ, लाखेची मोहर असल्या उंचवट्याच्या वस्तू असलेल्या पाकिटाला जादा शुल्क लागते, कारण पत्रे वेगळी करणाऱ्या यंत्रातून ते जात नाही.

मुक्तछंद :

मी वेगळे मत मांडतो, राग नसावा. आमच्या लग्नात आम्ही एकही पत्रिका छापली नाही. उभी प्रतिमा केली, १०८० × १९२० पिक्सेलची, म्हणजे फोनचा पडदा भरून दिसेल अशी, आणि तिच्यासोबत एक पीडीएफ. संदेशाच्या ॲपवर साधे चित्र म्हणून पाठवले तर ते दाबले जाऊन बारीक अक्षरे फुटतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर जसेच्या तसे जाते. वेळ बदलली तेव्हा पाच मिनिटांत दुरुस्त प्रत सगळ्यांकडे पोहोचली. मग छापायचेच कशासाठी, हा प्रश्न मला प्रामाणिकपणे पडतो.

कोरेपान :

मुक्तछंद, राग कशाचा? हा प्रश्न आमच्या घरीही निघाला होता आणि बहिणीचा कल तुमच्याच बाजूला होता. निर्णय फिरला तो यादी वाचताना. वहीतल्या कंसांपुढे मी खुणा करत गेले, की कुणाला फोनवर आलेले निमंत्रण पुरेसे आहे आणि कुणाला नाही. ज्यांना स्मार्टफोन वापरता येत नाही अशी माणसे आमच्या अंदाजापेक्षा जास्त निघाली, आणि ती बहुतेक सगळी अशी होती की ज्यांच्या येण्याने आम्हाला सगळ्यांत जास्त आनंद होणार होता. दुसरे म्हणजे कागद समोर राहतो. आजीच्या घरी ती पत्रिका आरशाच्या चौकटीत खोचलेली होती आणि तिला तारीख कुणाला विचारावी लागत नव्हती. तरीही तुमचा मार्ग अर्धा स्वीकारता येतो, हे मला आता पटते. निम्म्या घरांना पीडीएफ आणि निम्म्यांना छापील पत्रिका, असे आम्ही केले असते तर आणखी बचत झाली असती. फक्त हे वाटप नात्याच्या जवळिकीवरून न करता सोयीवरून करावे, नाही तर मने दुखावतात.

मुक्तछंद :

हे पटले. क्यूआर कोडविषयी एक सावधगिरी नोंदवतो. काही संकेतस्थळे जो कोड करून देतात तो थेट तुमच्या पत्त्याकडे नेत नाही, त्यांच्या पत्त्यावरून वळसा घेऊन नेतो, आणि मोफत मुदत संपली की तो वळसा बंद होतो. पत्रिका तोवर घरोघर पोहोचलेल्या असतात. म्हणून कोडमध्ये तुमचाच पत्ता थेट घातलेला असावा, म्हणजे त्याला मुदत नसते. पत्ता लहान ठेवावा, कारण मजकूर वाढला की ठिपके बारीक होतात. छापताना बाजू किमान २ सेंटिमीटर असावी, भोवती कोरी जागा सोडावी, आणि गडद कोड फिक्या कागदावर घ्यावा. सोनेरी शाईतला किंवा चमकदार कागदावरचा कोड फोनला अनेकदा वाचता येत नाही. प्रूफच्या वेळी दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर, आणि त्यांतल्या एखाद्या जुन्या फोनवर, तो उघडून पाहावा.

ओंजळ :

आमचे कार्य अगदी लहान आहे, जेमतेम ४० घरे. घरच्या प्रिंटरवर छापले तर चालेल का? पुतणीचे हस्ताक्षर सुंदर आहे, तिच्याकडून काही लिहून घ्यावे असेही मनात आहे.

खिळेजुळारी :

चाळीस घरांसाठी घरी छापणे शक्य आहे, पण कागद प्रिंटरला मानवेल असाच घ्यावा. खास इंकजेटसाठी न बनवलेल्या चकाकीच्या कागदावर इंकजेटची शाई मुरत नाही आणि बोट लागले की फासते. लेझर प्रिंटरची भुकटी खरखरीत कागदाच्या खोलगट भागांत नीट पोहोचत नाही, अक्षरे तुटक दिसतात. घरच्या प्रिंटरला फार जाड कागदही ओढवत नाही. त्याच्या माहितीपुस्तिकेत किती जीएसएमपर्यंतचा कागद चालतो ते दिलेले असते. पूर्ण पानभर रंग भरलेले डिझाइन घरी छापू नये, शाईच्या कार्ट्रिजचा खर्च छापखान्यापेक्षा वर जाईल. पांढऱ्या किंवा साय रंगाच्या कागदावर फक्त काळा मजकूर छापावा आणि वरची दोन नावे पुतणीकडून लिहून घ्यावीत. चाळीस पत्रिकांवर दोन नावे लिहिणे एका माणसाला दोन दुपारींत झेपते. सगळा मजकूर लिहायला सांगितला तर पंधराव्या पत्रिकेनंतर हात थकतो आणि अक्षर बदलते.

घडीची पत्रिका असेल तर एक काळजी घ्यावी. साधारण २०० जीएसएमच्या पुढचा कागद नुसता दुमडला की घडीवर तडा जातो आणि आतला पांढरा धागा दिसू लागतो. आधी पट्टीला लावून बोथट टोकाने रेघ दाबावी आणि मग घडी घालावी. कागदाला लाकडासारखी दिशा असते. कागद हातांत धरून आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो सहज वाकतो त्या दिशेने घडी घालावी. तुमच्या हातांना हे पहिल्याच कागदावर कळेल, आणि घडी अशी बसेल की पत्रिका टेबलावर ठेवली तरी उघडी पडणार नाही.

डिझाइनसाठी स्क्राइबस किंवा इंकस्केप ही मोफत सॉफ्टवेअरे पुरेशी आहेत.

ओंजळ :

मनापासून आभार, पुतणीला आजच विचारते. छापखान्याकडे जावेच लागले तर अंदाजपत्रक मागताना काय काय सांगावे, हेही कृपया लिहावे. दोन ठिकाणी विचारले तर आकडे इतके वेगळे आले की तुलनाच होईना.

खिळेजुळारी :

तुलना होत नाही, कारण दोघांना वेगवेगळे काम सांगितले गेलेले असते. सगळ्यांना एकच कागद लिहून द्यावा. त्यात कापल्यानंतरचा आकार मिलिमीटरमध्ये, एकूण प्रती, छपाई एका बाजूला की दोन्ही बाजूंना, रंग किती, कागदाचे नाव आणि जीएसएम, घडी आणि तिची रेघ, फॉइल असल्यास कुठे आणि किती आकाराचे, पाकिटे कोणती आणि किती, कागदावरचे प्रूफ दरात धरले आहे की नाही, आणि काम कोणत्या दिवशी हवे, हे सगळे असावे. शेवटच्या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्यावे. घाईच्या कामाला बहुतेक ठिकाणी जास्त आकारणी होते, आणि ती टाळण्याचा उपाय फक्त लवकर जाणे हाच आहे. फाइल तुम्ही देणार असाल तर तसे स्पष्ट लिहावे, नाही तर डिझाइनचा खर्च गृहीत धरला जातो.

आणखी एक गोष्ट आवर्जून विचारावी. पत्रिका आणि आभारपत्रे एकाच कागदावर, एकाच रंगांत असतील तर ती एकत्र मांडून एकाच वेळी छापता येतात. मोठ्या कागदावरच्या आठ जागांपैकी सहा जागांत पत्रिका आणि दोन जागांत आभारपत्रे, अशी मांडणी केली की आभारपत्रांसाठी वेगळे काम उघडावे लागत नाही. आभारपत्रावर तारीख वगैरे काही नसल्याने ती आधी छापण्यात धोकाही नाही. टेबलांवरची नावे मात्र आधी छापू नयेत, कारण शेवटच्या आठवड्यापर्यंत येणाऱ्यांची यादी बदलत राहते.

त्या नावांसाठी एक सोपी सोय आहे. कागद कापला की कडेच्या पट्ट्या उरतात. सांगितले नाही तर त्या रद्दीत जातात. कटिंगच्या दिवशी स्वतः हजर राहून त्या मागून घ्याव्यात. रंग आणि पोत पत्रिकेचाच असतो, आणि मधोमध रेघ दाबून दुमडली की टेबलावर उभी राहणारी नावाची पट्टी तयार होते.

कोरेपान :

खिळेजुळारी, हे आम्हाला आधी कळले असते तर बरे झाले असते. आम्ही टेबलांवरच्या नावांसाठी वेगळा कागद विकत आणला होता आणि त्याचा रंग पत्रिकेशी शेवटपर्यंत जुळला नाही. ओंजळ, तुमच्या पुतणीने लिहिलेल्या नावांचा एखादा नमुना इथे जरूर दाखवा.